मरण ठाऊक असलेली माणसे

‘इलियड’च्या पाचव्या सर्गात डायोमिडीसचा भाला अ‍ॅफ्रोडाइटीच्या हाताला लागतो. ती रडत ऑलिंपसवर आईकडे जाते, आई जखम पुसते आणि दुखणे संपते. खाली त्याच मैदानात तशाच भाल्यांनी माणसे मरून पडत असतात. होमरचे देव बलाढ्य आहेत, पण त्यांच्यातला एकही मला वीर वाटत नाही. पणाला लावण्यासारखे त्यांच्याकडे काहीच नाही.

थोर कूळ, बाहुबळ, लुटीतला मानाचा वाटा ही वीराची नेहमी सांगितली जाणारी लक्षणे. ती सगळी अगामेम्नॉनपाशी आहेत, तरी अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिनी ब्रिसेईस हिसकावून घेताना तो क्षुद्रच दिसतो. बाराव्या सर्गातला सार्पेडन मुद्द्याच्या अधिक जवळ जातो. लिशियात आपल्याला उत्तम मांस, भरलेले पेले आणि सुपीक जमीन मिळते, म्हणून आघाडीवर उभे राहणे आपल्यावर आहे, असे तो ग्लॉकसला सांगतो. मग पुढे म्हणतो की हे युद्ध टाळून अमर होता आले असते, तर मी लढलोच नसतो.

अकिलीस हा हिशेबही नाकारतो. नवव्या सर्गात अगामेम्नॉनच्या भेटी परत पाठवताना तो विचारतो, की भित्रा आणि शूर दोघेही सारखेच मरणार असतील, तर लढायचे कशासाठी? घरी परतून लांब आयुष्य जगायचे की ट्रॉयसमोर मरून अक्षय कीर्ती मिळवायची, हे दोन्ही पर्याय आईने त्याला सांगितलेले आहेत. अठराव्या सर्गात ती पुन्हा बजावते की ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्यापाठोपाठ तुझेही मरण आहे. जिवलग मित्र पॅट्रोक्लस मारला गेल्यावर तो हे ऐकूनही निघतो. त्यानंतरचा त्याचा पराक्रम मात्र पाहवत नाही. गुडघे धरून जीवदान मागणाऱ्या लायकेऑनला तो मारतो, हेक्टरचे प्रेत रथामागे फरपटत नेतो. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने १९४० च्या निबंधात ‘इलियड’चा खरा नायक बळ हाच आहे असे मांडले. या सर्गांपुरते ते मला पटते.

पण काव्य तिथे थांबत नाही. अकिलीस समोर येताच हेक्टर आधी घाबरून ट्रॉयभोवती तीन फेऱ्या पळतो आणि मग थांबतो. भीती लपवून त्याला मोठे करावे असे होमरला वाटले नाही, ही मला या काव्यातली फार मोठी गोष्ट वाटते. आणि चोविसाव्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत जाऊन, अकिलीसच्या ज्या हातांनी आपली मुले मारली त्यांचेच चुंबन घेतो. माझ्या मते साऱ्या काव्यातले सर्वांत मोठे धाडस हे आहे, आणि त्यात शस्त्र नाही.

‘ओडिसी’त कॅलिप्सो अमरत्व देऊ करते, तेव्हा ओडिसियस म्हातारपण येणाऱ्या बायकोकडे परत जायचे ठरवतो. सार्पेडनच्या बोलण्याला याहून नेमके उत्तर नाही. तरीही कीर्तीचा मोह ओडिसियसला सुटलेला नाही. ‘कोणीच नाही’ असे नाव सांगून पोसायडनचा मुलगा असलेल्या सायक्लोप्सच्या तावडीतून सुटलेला हा माणूस जहाजावरून स्वतःचे खरे नाव ओरडतो आणि त्या देवाचा राग ओढवून घेतो. घरी परतल्यावर बारा दासींना फाशी दिली जाते ती त्याने त्यांच्या मृत्यूचा हुकूम दिल्यावर. या प्रसंगाला वीरकृत्य म्हणणारे वाचन मला मान्य नाही.

इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या अपोलोनियसने ‘अर्गोनॉटिका’ लिहिले. त्याच्या जेसनला दुबळा नायक म्हणून हिणवले जाते. प्रत्येक संकटात तो हतबल होतो, हे खरेच आहे. हेराक्लीससारखा महाबली तर पहिल्या सर्गातच मागे राहून जातो. मला ही कवीची जाणीवपूर्वक निवड वाटते. बाहुबळ बाजूला सारल्यावर तिसऱ्या सर्गात कोल्किसच्या राजाची मुलगी मिडिया हिच्यासाठी जागा होते. परक्या जेसनला वाचवायचे तर बापाचे घर आणि नाव गमवावे लागेल, हे तिला पुरते कळते. त्या रात्री ती विषाची पेटी मांडीवर घेते, आयुष्यातले सगळे गोड आठवून ती परत ठेवते, आणि सकाळी जेसनसाठी औषध घेऊन निघते. अकिलीसने ‘इलियड’च्या नवव्या सर्गात केलेली तोलणी अपोलोनियसने कोल्किसच्या या मुलीच्या हाती दिली आहे.