वाघ्याचा पुतळा : दंतकथा आणि साक्ष

सुरतेच्या १६६४ च्या लुटीत शिवाजी महाराजांनी कपुचिन धर्मगुरू आंब्रोज यांच्या निवासस्थानाला धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने थोड्याच वर्षांत लिहून ठेवले. आपण ख्रिस्ती मंडळी ही नोंद अगत्याने सांगतो. ती त्या काळाची आहे म्हणून, आणि खरे बोलायचे तर ती आपल्याला सुखावते म्हणूनही. हीच कसोटी रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ उभ्या असलेल्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याला लावून पाहावी.

१६८० साली महाराजांच्या चितेत या इमानी कुत्र्याने उडी घेतली, अशी कथा आहे. समकालीन साधनांत तिला आधार नाही. पुतळा १९३६ चा. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या साहाय्याने उभारलेला. ऑगस्ट २०१२ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो उखडून दरीत टाकला. धनगर समाजात संताप उसळला आणि काही दिवसांतच पुतळा पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी तो हटविण्याची मागणी केली, तेव्हा वाद नव्याने पेटला.

कथेवर माझा आक्षेप नाही. ओठांवरची कथा ऐकणाऱ्याला शंका विचारण्याची मुभा देते. तीच दगडी चौथऱ्यावर, प्रत्यक्ष समाधीशेजारी उंच उभी केली की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरते. इतिहासाने जो पुरावा दिला नाही तो या स्मारकाने परस्पर देऊन टाकला.

मात्र उखडण्याने काय साधते, हे ख्रिस्तसभेला ठाऊक असावे. तेराव्या शतकात फ्रान्समधील लिओं नगराच्या परिसरात लोक गिनफोर नावाच्या कुत्र्याला संत मानून आजारी मुले त्याच्या थडग्यापाशी नेत. त्याने सापापासून बाळाला वाचविले आणि गैरसमजातून धन्याने त्यालाच मारले, अशी ती कथा. आपल्या ब्राह्मणी आणि मुंगुसाच्या गोष्टीची जणू सख्खी बहीण! दोमिनिकन धर्मगुरू एतियेन द बूर्बां यांनी अस्थी उकरून जाळल्या, तेथील झाडे तोडली. तरीही एकोणिसाव्या शतकापर्यंत मातांची रीघ थांबली नाही.

संत क्रिस्तोफरच्या बाबतीत सभेने अधिक शहाणपण दाखविले. १९६९ च्या सुधारित उपासना-दिनदर्शिकेतून त्याचा सण वगळला, पण हुतात्म्यांच्या नामावलीत त्याचे नाव राहू दिले. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडल्याची कथा धर्मशिक्षकाने मुलांना अवश्य सांगावी, आणि ती आख्यायिका आहे हेही त्याच तासाला सांगावे. रायगडावर तेवढीच एक पाटी हवी: पुतळा १९३६ चा, कथा लोकपरंपरेतली.