हद्दपाराचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. घरच्या वाटण्या, धुऱ्यावरची भांडणे आणि उसनवारीचे दावे यांपुरता तिच्यात शहाणपणा आहेही. पण ज्याला सरकारने ‘तू इथला नाहीस, चालता हो’ असे सांगितले, त्याने शहाणपण दाखवायचे ते कुठे? ती पायरी तो आपण होऊन चढलेला नसतो. त्याला तिच्यावर आणून उभे केलेले असते. तेथे त्याच्या बाजूने बोलणारा एक माणूस त्याला हवा असतो. हा माणूस, म्हणजे हद्दपाराचा वकील, मराठी वाङ्मयात कितपत दिसतो, हे येथे पाहायचे आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय रुक्ष वाटेल खरा; पण तो आपल्या अंगणापासून फारसा दूर नाही.

हद्दपारी आपल्या वाङ्मयाला नवी नाही. सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली निघाले आणि अंदमान घराघरांत पोचले. मंडालेच्या कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, ही गोष्ट तर आम्ही मास्तरलोक दरसाल वर्गात सांगतो. या सर्व कथांचा नायक एकच : शिक्षा भोगणारा. ते योग्यच आहे. मात्र त्याच्यासाठी कागदपत्रांची बाडे घेऊन दारोदार फिरणारा माणूस एखाद्या वाक्यात येतो आणि पुढच्या वाक्यात नाहीसा होतो. सावरकरांच्या खटल्यात जोसेफ बॅप्टिस्टांसारखे बॅरिस्टर उभे होते, हे किती वाचकांना आठवते?

रंगभूमीकडे वळावे तर तेथे कोर्टे पुष्कळ आहेत. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) लखोबा लोखंडे आपला खटला आपणच चालवतो, साक्षीदारांची उलटतपासणी आपणच घेतो आणि टाळ्याही आपणच मिळवतो. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुखात्मे हा फिर्यादीचाही वकील आणि आरोपीचाही वकील! बेणारेबाईंवर सारे तुटून पडतात आणि बचाव करायचा तो आरोप करणाऱ्यानेच, तोही खेळापुरता. हे नाटक बाईच्या छळाचे म्हणून आपण वाचतो, आणि ते तसे आहेच. पण ज्याच्या बाजूने खरोखर कोणीच उभे नाही अशा माणसाचे ते चित्र आहे, असेही वाचून पाहावे. तेंडुलकरांनी वकिलाची रिकामी जागा दाखवली. ती जागा भरणारे पात्र मात्र आपल्या वाङ्मयाला अजून हवे आहे.

आणि ते पात्र आमच्या अमरावतीतच होऊन गेले!

दादासाहेब खापर्डे हे नाव ‘श्रीसाईसच्चरित’ वाचणाऱ्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. मुलाला प्लेग झाला ते खापर्डे. बाबांनी जिचा नैवेद्य आवडीने खाल्ला त्या लक्ष्मीबाईंचे यजमान. ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणून त्यांचा थाट होता, १८९० पासून अमरावतीत वकिली होती, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांनी एकवीस तासांवर स्वतःची बाजू स्वतः मांडली होती, आणि आपल्या स्मरणात राहिले ते तेच. पण भाषण संपले, कैदी गेला, पुढे काय? पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९०८ मध्ये, खापर्डे चालती वकिली सोडून विलायतेच्या बोटीवर चढले. प्रिव्ही कौन्सिलपुढे अपील करायचे होते.

अपिलाला परवानगी मिळाली नाही. तरीही ते दोन वर्षे लंडनमध्ये राहिले आणि सुटकेच्या इतर वाटा शोधत राहिले. त्याही बंद निघाल्या. १९१० च्या शरदात ते परतले, ते थेट घरी न येता ब्रह्मदेशातून. मंडालेला टिळकांना भेटून मग अमरावतीस आले. हरलेला वकील आणि शिक्षा भोगणारा अशील यांची ही भेट! या एका भेटीवर कादंबरी उभी राहावी. आम्हा कादंबरीकारांच्या लेखण्या मात्र आजवर तिच्या वाटेला फारशा गेलेल्या नाहीत.

अमरावतीस पोचल्यावर महिनाभरात, डिसेंबर १९१० मध्ये, खापर्डे शिर्डीला गेले. पुढच्या डिसेंबरात पुन्हा गेले आणि १९१२ च्या मार्चपर्यंत राहिले. त्या मुक्कामाची त्यांची रोजनिशी भाविक लोक श्रद्धेने वाचतात. मूळ इंग्रजीत लिहिलेली ही रोजनिशी अगदी साधी आहे : सकाळी उठलो, प्रार्थना केली, अमुक आले, पंचदशी वाचली, आरतीला गेलो. मला ती आणखी एका दृष्टीने वाचावीशी वाटते. दोन वर्षे सातासमुद्रापलीकडे दुसऱ्यासाठी बोलून रिकाम्या हाताने परतलेल्या वकिलाची ही रोजनिशी आहे. सभा गाजवणारे खापर्डे मशिदीत मुके बसत, असे साईसच्चरितकार सांगतात. भक्तीचे मौन ते खरेच. पण ज्याचे सारे युक्तिवाद वापरून झाले आहेत अशा माणसाचा थकवाही त्यात मिसळला नसेल काय? या नजरेने वाचले की रोजनिशीतली कोरडी वाक्ये कोरडी राहत नाहीत.

खापर्डे हरले म्हणून त्यांचे जाणे व्यर्थ ठरत नाही. मंडालेतल्या माणसाला आपली बाजू कोणीतरी सोडलेली नाही, हे ठाऊक होते. वकिलाचे मोल निकालावरून ठरवण्याची आपली सवय येथे अपुरी पडते.

टिळकांना घरातून बाहेर काढले गेले. परदेशी पोट भरायला गेलेल्याला तिथून काढतात तेव्हा दिशा उलटी होते, पण गरज तीच राहते. सखाराम गणेश पंडित हे नाव वाचून मराठी वाचकाचे डोळे थबकतील. हे गृहस्थ लॉस एंजेलिसला वकील होते, १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झालेले. भगतसिंग थिंद यांचे नागरिकत्व राखण्यासाठी ते तिथल्या सुप्रीम कोर्टात उभे राहिले आणि १९२३ साली हरले. हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, असा निकाल झाला. मग सरकारने पंडितांच्याच नागरिकत्वावर हात घातला. तो खटला त्यांनी १९२६ साली अपिलात जिंकला आणि त्यानंतर इतर हिंदी लोकांमागचा हा ससेमिराही थांबला. आधी दुसऱ्यासाठी हरलेला वकील स्वतःसाठी जिंकतो आणि त्यात दुसऱ्यांचेही भले होते! यापरते कथानक कोणते?

हे सारे जुने झाले म्हणावे, तर ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ हिंदी माणसे अमृतसरला आणून सोडली. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. तिथल्या स्थलांतराच्या कोर्टात वकील देता येतो, पण स्वतःच्या पैशाने. सरकार तो पुरवत नाही. आपल्याकडेही परकी ठरवण्याच्या कामात ‘मी परका नाही’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावरच असते. १९४६ च्या कायद्यात ते होते, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. त्याच वर्षी आमच्या अमरावती-अकोला भागात उशिराने दिलेल्या जन्मदाखल्यांवरून गदारोळ उठला, चौकशा झाल्या. दाखला खोटा असेल तर कायद्याने व्हायचे ते व्हावे. पण खरा असूनही कागद अपुरा पडला, आणि समोर एखादी निरक्षर म्हातारी असली, तर तिच्या वतीने बोलायचे कोणी? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले आणि कोठडीतली माणसे यांना, मिळकत कितीही असो, फुकट वकील मिळतो. जिल्हा कोर्टात त्यासाठी कचेरी असते. हे तरी दिवाळीला जमलेल्या मंडळींनी एकमेकांना सांगून ठेवावे.

कागद आणि माती यांतले अंतर वऱ्हाडाने तर स्वतःच सोसले आहे. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, १९०२ चा करार कायमच्या पट्ट्याचा, पण कायद्याने मुलूख निजामाचा! वऱ्हाडातून वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून गेलेला सभासदही त्यामुळे कागदोपत्री सरकारने ‘नेमलेला’ धरला जाई. खुद्द खापर्डे तसेच कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. ज्या मुलखाचे ठिकाण कागदावर एक आणि जमिनीवर दुसरे होते, त्या मुलखाच्या लेखकाला हद्दपाराच्या वकिलाची गोष्ट सर्वांआधी सुचावी.

ती लिहिणाऱ्याने एवढेच जपावे : वकिलाला देवमाणूस करू नये. त्याची फी, त्याची हौस, त्याचा नबाबी थाट, त्याची हार, सारे येऊ द्यावे. आणि टाळ्या मिळवणारे भाषण त्याला देऊ नये. त्याला अर्ज लिहू द्यावेत, तारखा घेऊ द्याव्यात आणि शेवटी मंडालेच्या फाटकाशी जाऊन उभे राहू द्यावे.