मान्यता कशाच्या आधारे?

शिक्षण सुधारू पाहणाऱ्या लोकचळवळींना शासनाने मदत करावी, असे आपण सहज म्हणतो. पण तीच चळवळ शासनाच्या एखाद्या निर्णयाविरुद्ध लढत असेल तर? नंदुरबार जिल्ह्यातील जीवनशाळांमुळे हा प्रश्न आपल्यापुढे येतो.

अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात येतात. तेथील सरकारी शाळा बऱ्याचदा कागदावरच असतात, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत लोकांच्या श्रमातून निवासी शाळा उभ्या केल्या. मुलांना पावरी-भिलोरीतून समजावायचे, मग मराठीकडे न्यायचे, ही तेथली रीत. विज्ञानशिक्षकाला तिचे मोल चटकन कळेल. ज्या मुलाला रानातली झाडे आपल्या बोलीतील नावांनी ओळखता येतात, त्याला वनस्पतींचे वर्गीकरण नव्याने घोकावे लागत नाही.

आता कायदा पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेविना शाळा चालवता येत नाही. मान्यतेसाठी बारमाही इमारत, दर शिक्षकामागे एक खोली, मैदान हवे. याच कायद्याचे २९ वे कलम शक्य तेथे मातृभाषेतून शिकवा, असेही सांगते. खोली टेपने मोजता येते. भाषा मात्र वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून मान्यता खोलीवर ठरते. धरणाने ज्यांची जमीन बुडवली, त्यांच्याकडेच मैदान मागणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही.

शासनाला वेगळे वागता येते, हे शेजारच्या मध्य प्रदेशात दिसले. १९७२ साली तेथील सरकारने किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांना होशंगाबादच्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवू दिले. १९७८ मध्ये हे काम जिल्हाभर गेले. परीक्षाही बदलली, मुले पुस्तक उघडून उत्तरे लिहू लागली. पुढे २००२ साली सरकारनेच हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम सरकारी मर्जीवर उभे होते, हा त्यातला दोष.

तेव्हा मदत म्हणजे केवळ अनुदान नव्हे. मुले काय शिकली हे पाहून मान्यता द्यावी, शिक्षकांना वेतन व प्रशिक्षण द्यावे, आणि पालक-शिक्षकांचे म्हणणे ऐकल्याशिवाय काही बंद करू नये. त्या बदल्यात लढा सोडण्याची अट मात्र नसावी. धरणाबाबत मतभेद असोत. मुलांना शिकवण्याबाबत तर दोघांचे एकमत आहे ना?