सोमरस आणि त्याचे वाचक

कांहीं ग्रंथांविषयीं टीकाकारांपेक्षां वाचकच अधिक बोलतात. अमीश त्रिपाठी यांची शिवकथात्रयी ही त्यांपैकीं एक होय. तिचे मूळ इंग्रजी भाग २०१०, २०११ व २०१३ सालीं निघाले. पहिला भाग मराठींत ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नांवानें आला. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील स्नेह्यांच्या घरीं हे ग्रंथ आम्हांस वारंवार दिसले, आणि त्यांवरील वादही वारंवार कानीं आले. म्हणून प्रस्तुत परीक्षणांत ग्रंथाबरोबर त्याच्या वाचकांचाही विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कथेच्या मुळाशीं एक औषध आहे. कैलासाकडून आलेल्या शिवाच्या टोळीस मेलुहांत पाऊल टाकतांच ताप भरतो व घाम सुटतो. वैद्या आयुर्वती त्यांस औषध देते. शिवाचा निखळलेला खांदा व हिमदंशानें दुखावलेलें पायाचें बोट रातोरात बरें होतें, आणि कंठ निळा पडतो. हें औषध म्हणजे सोमरस. शरीरास झिजविणारीं ऑक्सिडीकारक द्रव्यें तो बाहेर टाकतो व आयुष्य वाढवितो, असा खुलासा ग्रंथकार बृहस्पतीच्या मुखानें करवितो.

येथेंच वाचकांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो कीं, आपल्या पूर्वजांस हें सारें ठाऊक होतें. दुसऱ्या पक्षाचे पुढारी आमच्या परिचयाचे एक डॉक्टर आहेत. ते सांगतात कीं, अशा द्रव्यांमुळें वार्धक्य येतें हा विचार डेन्हम हार्मन यांनीं १९५६ सालीं मांडला खरा. परंतु फिनलंडांत सुमारें २९,००० धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या व १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बीटा-कॅरोटीन घेणारांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिकच आढळला. डॉक्टरांचें शास्त्र बिनतोड आहे. तथापि दोन्ही पक्ष कादंबरीकडे औषधाची चिठ्ठी मागत आहेत, असें आम्हांस वाटतें. एकाला ती खरी वाटते, दुसऱ्याला खोटी, इतकाच भेद.

ग्रंथकाराचें खरें सामर्थ्य पुढील भागांत दिसतें. ज्यांनीं ते वाचले नसतील त्यांची क्षमा मागून आम्ही रहस्य सांगतों. सोमरसासाठीं सरस्वतीचें पाणी इतकें खर्चीं पडतें कीं ती आटूं लागते. त्याच्याच दोषानें कांहीं अर्भकें व्यंग घेऊन जन्मतात, आणि त्यांस ‘नाग’ म्हणून राज्याबाहेर घालविलें जातें. उरलेला विषारी गाळ तिबेटांत त्सांग्पो नदीवर सोडला जातो. तीच पुढें ब्रह्मपुत्रा होऊन ब्रंगांच्या देशांत उतरते व तेथें साथीनें माणसें मरतात. पुराणांतील नीलकंठाचा कंठ हलाहलानें निळा झाला. तें विष त्यानें इतरांसाठीं स्वतः प्राशन केलें. या कथेंत मात्र सोमरस घेतल्यावरच कंठ निळा होतो, आणि विष मुकाट्यानें खालच्या अंगाला वाहून जातें. ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते.

आमच्या वर्गांतील डोंबिवलीच्या एका विद्यार्थिनीनें एकदां आम्हांस सांगितलें कीं, घरीं मेलुहा खरें कीं खोटें यावर रात्र रात्र वाद होतो, पण ब्रंगांचें नांव कोणीच काढीत नाहीं. हें ऐकून आम्ही ओशाळलों. कारण आम्हींही तें काढलें नव्हतें. ज्या पट्ट्यांत आपण राहतों तेथें रसायनांचे व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. अंबरनाथचें १०६० सालचें शिवालय ज्या वालधुनीच्या कांठीं उभें आहे, तीच नदी उल्हासनगरांतून कारखान्यांचें सांडपाणी घेऊन कल्याणकडे येते. २०१४ सालीं तींत सोडलेल्या रसायनानें उल्हासनगरच्या शेंकडों रहिवाशांस बाधा झाली. २०२० सालीं डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतील एक रस्ता गुलाबी झाला. मग ब्रंगांचा देश आपणांस इतका दूरचा कां वाटावा?

दोष सांगणें हें आमचें कर्तव्यच आहे. पात्रांची भाषा पुष्कळदां आजच्या कचेरींतली वाटते. त्याहून मोठा दोष शेवटाचा. सोमरसानें ज्यांचें आयुष्य वाढतें त्यांनीं तो दुसऱ्यांसाठीं सोडावा काय, हा प्रश्न ग्रंथकारानें धैर्यानें उभा केला; परंतु सतीच्या मृत्यूनंतर शिव पाशुपतास्त्रानें देवगिरीच भस्म करतो. सूडानें निर्णयाची जागा घेतली, आणि सोमरसावांचून जगण्याचें ठरविणारा सामान्य नागरिक आम्हांस कोठें नीटसा भेटलाच नाहीं.

तरीही ही त्रयी घरांतील मुलांच्या हातीं अवश्य द्यावी. ती वाचून झाल्यावर सोमरस खरा होता काय असें त्यांनीं विचारलें, तर उत्तर डॉक्टरांकडून घ्यावें. मात्र त्यांस एकदां वालधुनीच्या पुलावर नेऊन, हें पाणी कोठून येतें व कोठें जातें, तेंही दाखवावें.