पवळाबाई आणि लावणीची उरलेली बाजू

सिद्धगडाच्या पायथ्याच्या या मुलखात तमाशा म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की बैलबाजार आला, घोंगड्या आल्या, तमाशाचे तंबू आले. तंबूत बाई नाचणार हे आज आपण गृहीत धरतो. पण एके काळी ते काम नाच्या पोऱ्या करायचा. ते बदलले, त्यात पहिले नाव घेतले जाते पवळा हिवरगावकर यांचे.

जन्म 1870, संगमनेर तालुक्यातले हिवरगाव, जात महार. खंडोबाला वाहिलेल्या मुरळी. पुढे त्यांची गाठ पठ्ठे बापूरावांशी पडली. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, 'मिठाराणी'सारखा वग रचणारे शाहीर. दोघांच्या फडाने जत्रा गाजवल्या, मुंबई गाजवली. पवळाबाई 1939 साली गेल्या, बापूराव 1945 साली.

आता ही कथा आपल्याकडे सांगतात कशी, ते बघा. कुलकर्ण्याने तमाशासाठी आणि पवळेसाठी जात सोडली, केवढा त्याग! म्हणजे कथा बापूरावांची, आणि पवळाबाई त्यातला एक प्रसंग. भाषाही तशीच: बापूराव 'ते' आणि पवळा 'ती'. आम्हाला हे नुसते व्याकरण वाटत नाही. त्यामागे कलेविषयीची एक चुकीची समजूत आहे.

समजूत अशी की लावणी शाहिराने रचली तेव्हाच पूर्ण झाली, नाचणारीने ती फक्त पोहोचवली. पण लावणी कागदावर वाचून पाहा. शब्द असतात, यमक असते, आणि मधे मोकळी जागा असते. ती जागा अदेने, नजरेने, ढोलकीवर टाकलेल्या पावलाने भरायची असते. ॲरिस्टॉटलने फरक केला आहे: घर बांधून झाले की घर मागे उरते, बासरी वाजवून झाली की मागे काही उरत नाही. म्हणून वाजवणे कमी प्रतीचे ठरत नाही. आपण मात्र जे उरले त्यालाच निर्मिती म्हणतो. बापूरावांचे शब्द छापले गेले, पवळाबाईंची अदा विरली, आणि आपण निकाल देऊन मोकळे झालो.

कुणी म्हणेल, नटीची कला विरणारच, त्याला इलाज काय? त्याच काळातली जर्मन नटी शार्लोट वोल्टर घ्या. तिची कलाही विरलीच. पण व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात तिची एक किंकाळी इतकी गाजली की त्या किंकाळीला तिचे नाव पडले. हान्स माकार्टने तिला भूमिकेच्या वेषात रंगवले. कला विरली, तरी पाहणाऱ्यांनी नोंद ठेवली. आपल्याकडे 1880 साली 'संगीत शाकुंतल' आले, पुढे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचे किती बारकाईने वर्णन झाले! नऊवारीतल्या पुरुषाची नजर टिपणारी लेखणी आपल्याकडे होती. तमाशातल्या बाईपाशी ती थांबली. त्याचे कारण कलेत नाही, जातीत आहे.

इथे एक आक्षेप आम्हीच घेतो. पवळाबाईंना मोठी कलावती म्हणताना आपण त्यांच्या वाट्याचे दुःख सजवत तर नाही ना? महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. आमच्या बाईला नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्यातला रोख. बाबासाहेबांचा प्रश्न बिनतोड आहे: मुरळी होणे ही पवळाबाईंची निवड नव्हती. पण ज्या व्यवस्थेने त्यांना बोर्डावर उभे केले, तिचा निषेध करताना बोर्डावर त्यांनी जे घडवले ते पुसायचे कारण नाही. शोषण खरे आणि कलाही खरी. दोन्ही एकदम बोलणे अवघड आहे, पण समीक्षेचे काम तेच.

दर 2 जानेवारीला याच सिद्धगडावर आपण भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ही दोन्ही नावे एका श्वासात घेतो. एकाला हुतात्मा आणि दुसऱ्याला त्याचा साथीदार म्हणत नाही. लावणीच्या बाबतीत एवढेच मागणे आहे. कवी एक, कलावती एक. आणि बापूराव 'ते' असतील, तर पवळाबाईही 'त्या'.