हिशेबाचे गद्य : ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि पक्षीय वादाची भाषा

सार्वजनिक पैशाविषयीचा वाद हा आपल्या सार्वजनिक जीवनातील फार जुना आणि बहुधा फार निष्फळ वाद होय. तो निष्फळ का व्हावा, याचे कारण त्याच्या भाषेत शोधले पाहिजे. पक्षीय वादात प्रश्न विचारला जातो पैशाचा आणि उत्तर दिले जाते माणसाचे. अमुक कामाची रक्कम कोठे गेली, असे एकाने विचारले की ‘हे विचारणारे तुम्ही कोण?’ असे दुसरा म्हणतो. ‘तुमच्या वेळी काय झाले ते आधी सांगा,’ असे तिसरा म्हणतो. दोन्ही उत्तरे टाळ्या घेतात. मूळ रक्कम मात्र जेथे गेली तेथेच राहते. हा केवळ राजकारणाचा प्रश्न आहे, साहित्यपत्रिकेत त्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु वाद भाषेतच चालतो, आणि कोणत्या प्रकारचे गद्य हिशेब मागू शकते व कोणत्या प्रकारचे गद्य हिशेब चुकविते, हा प्रश्न समीक्षेच्याच कक्षेतील आहे.

अर्वाचीन मराठी ग्रंथव्यवहाराच्या आरंभापाशीच असा एक वाद उभा आहे, याचे आपणांस सहसा स्मरण राहत नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही चालू राहिली. त्या पैशातील काही भागावर १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला, की या रकमेतील काही अंश मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस, जात न पाहता, द्यावा. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या पाठीशी तरुण जोतीराव फुले उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. मराठी लेखकास असा राजाश्रय मिळाला तो या भांडणातून. सार्वजनिक पैशाचा हिशेब हा विषय आपल्या वाङ्मयाला परका नाही, एवढे यावरून दिसावे.

ज्या पुस्तकाने हा हिशेब सर्वांत निर्भीडपणे मांडला, ते जोतीरावांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ च्या जुलैमध्ये लिहून पुरे झाले. त्याच्या उपोद्घातातील आरंभीच्या ओळी आज शाळेच्या भिंतींवर रंगविलेल्या असतात. त्यापुढील पाच प्रकरणे मात्र फारच थोड्यांनी वाचलेली असतात. वस्तुतः या ग्रंथाचे सामर्थ्य त्या पाच प्रकरणांच्या रचनेत आहे. शेतकऱ्याकडून धर्माच्या नावाने काय जाते, ते पहिल्या प्रकरणात आहे. सरकारी कचेरीत काय जाते, ते दुसऱ्यात. तिसऱ्यात इतिहासाची मीमांसा. चौथ्यात या साऱ्या जावकीनंतर शेतकऱ्याच्या घरात काय उरते याचे वर्णन. आणि पाचव्यात उपाय. इतिहासाचे प्रकरण क्षणभर बाजूला ठेवले, तर ही रचना खतावणीची आहे. आवक, जावक, शिल्लक आणि पुढील तजवीज, अशा क्रमाने लेखक चालतो.

त्यांची वाक्येही याच क्रमाने चालतात. जोतीरावांचे वाक्य लांबलचक आणि गुंतागुंतीचे असते, हे टीकाकारांनी वारंवार सांगितले आहे. परंतु ते लांब का असते, हे पाहिले गेले नाही. ते शेतातून निघते, बाजारात येते, जकातीच्या नाक्यावर थांबते, सावकाराच्या ओट्यावर बसते, कोर्टात शिरते आणि रिकाम्या हातांनी घरी परतते. पैसा ज्या वाटेने जातो त्या वाटेने वाक्य जाते, आणि वाटेत कोणी हात पुढे केला तर तेथे एक पोटवाक्य पडते. अशा वाक्याचे तुकडे केले तर ते वाचावयास सोपे होईल, परंतु या सर्व ठिकाणी गेलेला पैसा एकाच माणसाचा होता, हे वाचकाच्या ध्यानातून निसटेल. चौथ्या प्रकरणातील शेतकऱ्याच्या घराचे वर्णन याच दृष्टीने वाचावयास हवे. तेथील भांडीकुंडी, अंथरुणे आणि जनावरे यांची नोंद करुणरस उत्पन्न करण्यासाठी केलेली नाही. ती ताळेबंदाची शेवटची ओळ आहे.

या गद्याची त्या काळी कशी वासलात लावली गेली, हे पाहणे उद्बोधक ठरते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या आधीच्या लेखनाचा समाचार घेतला. त्यात व्याकरणाच्या चुका वेचून काढल्या, भाषेची थट्टा केली. शास्त्रीबोवांनी मराठी गद्याला डौल आणि आत्मविश्वास दिला, हे त्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु या ठिकाणी त्यांनी जे केले ते समीक्षेच्या वेषातील पक्षीय उत्तर होते. प्रश्न होता, रयतेच्या पैशावर कोणाच्या शिक्षणाची सोय होते, हा. उत्तर मिळाले, प्रश्नकर्त्यास विभक्तिप्रत्यय नीट लावता येत नाहीत, हे. आपणां शिक्षकांस या प्रसंगाचा विशेष विचार करावयास हवा, कारण लाल शाईचे हत्यार आपल्याच हाती असते. शुद्धलेखनाची चूक दाखविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. पण ती दाखविली म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले गेले, असे मात्र होत नाही.

तथापि हिशेब टाळण्याचा दोष एकाच बाजूचा होता असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे सत्यशोधकांच्याच ‘दीनबंधु’ पत्रात छापली गेली आणि मग छपाई थांबली. मित्रपक्षाच्या पत्रालाही पुढचा मजकूर झेपला नाही, आणि जोतीरावांनी आपली नाराजी लपवून ठेवली नाही. शत्रूच्या हिशेबाची चौकशी सर्वांनाच आवडते. आपल्या आश्रयदात्या सरकारचा हिशेब निघाला की संपादकाचा हात आखडतो. हे पुस्तक सर्वसामान्य वाचकाच्या हाती सहज येऊ लागले ते मुख्यतः १९६९ मध्ये कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले समग्र वाङ्मय निघाल्यानंतर. या विलंबाचे श्रेय विरोधकांच्या टीकेइतकेच स्वपक्षीयांच्या मौनालाही दिले पाहिजे.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. जेथे जोतीराव रक्कम, खाते आणि काम यांबद्दल बोलतात, तेथे त्यांचा युक्तिवाद अभेद्य आहे. जेथे आरोपीचे कूळ हाच आरोपाचा पुरावा होतो, तेथे तो ढिला पडतो. तिसऱ्या प्रकरणातील इतिहासमीमांसेत हे विशेष जाणवते. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्या काळच्या कचेऱ्यांत कोणत्या जातीचे लोक बसले आहेत ही बाब हिशेबातीलच एक रकाना होती. तिचा उल्लेख टाळून हिशेब पुरा झाला नसता. तरीही रकान्याची नोंद आणि निकाल यांतील भेद लेखकाने सर्वत्र पाळलेला नाही. पक्षीय वादाची भाषा कशी असते हे त्यांना ठाऊक होते, आणि काही पानांवर ती त्यांच्याही लेखणीतून उतरली आहे.

असे असूनही जोतीरावांचे मोठेपण जेथे सिद्ध होते, तो प्रसंग १८८२ सालचा. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. आधारास घेतलेली पत्रे बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्यात त्यांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते रामशेट उरवणे यांनी, जोतीरावांच्या सांगण्यावरून. ‘निबंधमाला’कारांच्या सहकाऱ्यांसाठी ‘निबंधमाले’ने थट्टा केलेल्या माणसाने जामीनदार शोधला. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते दोघे २६ ऑक्टोबरला सुटले, तेव्हा त्यांच्या सत्कारात सत्यशोधक मंडळी होती. त्याच्या एकच आठवडा आधी, १९ ऑक्टोबरला, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन मांडले होते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो आणि तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. लोकल फंडातील निदान निम्मा वाटा प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा आणि ते बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, असे त्यात म्हटले आहे. एकाच महिन्यात वरिष्ठ वर्गाच्या सोयीविरुद्ध निवेदन आणि त्याच वर्गातील दोन संपादकांचा सन्मान, यांत विसंगती नाही. सत्ताधाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार, विचारणारा आपल्या पक्षाचा नसला तरी, राखला पाहिजे, ही एकच भूमिका दोन्हींमागे आहे.

पुणे नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे ते सरकारनियुक्त सभासद होते. ज्यांनी नेमले त्यांच्याच बाजूने हात वर करावा, अशी अपेक्षा असणार. परंतु गव्हर्नर जनरलच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावावे असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले, असे कीर नमूद करतात. मोठा खर्च करून बाजाराची टोलेजंग इमारत उभारण्यासही त्यांनी विरोध केला. ती इमारत १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उघडली, आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. नाव देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु ज्या खर्चाला माणसाने विरोध केला त्याच खर्चावर त्याचे नाव कोरून त्याचा गौरव करावा, आणि विरोधाची कारणे कोणी वाचू नयेत, ही आपल्या सार्वजनिक स्मृतीची रीतच आहे.

यानंतरच्या मराठी वाङ्मयात हिशेबाच्या गद्याचे काय झाले? अरुण साधूंची ‘सिंहासन’ ही १९७७ मधील कादंबरी राजकीय कादंबऱ्यांत मानाचे स्थान मिळविलेली आहे, आणि ते योग्यच आहे. तीत अर्थमंत्रीच मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढू पाहतो. राज्याच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या मनात तिजोरीपेक्षा खुर्चीचा विचार अधिक, हे चित्र भेदक आहे. पण वाचकाचे कुतूहल आता कोण पडणार, कोण चढणार याकडे वळते. ‘असूडा’त वाचक शेतकऱ्याच्या घरात उभा राहून कचेरीकडे पाहतो, येथे तो सत्तेच्या दालनात उभा राहून माणसे मोजतो. हा कादंबरीचा दोष नव्हे. तिने आपल्या काळाचे खरे रूप दाखविले. मात्र तेव्हापासून आपल्या राजकीय लेखनाने बहुतांशी हीच जागा पकडून ठेवली आहे.

आमच्या मोहगाव-सौंसर भागात हा प्रश्न आणखी एका अंगाने बिकट झाला आहे. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. नंतर ती भोपाळ झाली, आणि २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून आमचा पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला. घरात, पारावर आणि संत्र्याच्या बागेत आम्ही मराठी बोलतो; कचेरीचे दप्तर हिंदीत असते. त्यामुळे भांडण मराठीत होते आणि हिशेब हिंदीत राहतो. ग्रामसभेत ‘आपला माणूस’ आणि ‘त्यांचा माणूस’ यांवर तासभर बोलणाऱ्यास मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे विचारले, तर तो गप्प होतो. त्याला बुद्धी नाही म्हणून नव्हे. आपल्या भाषेत हिशेबाबद्दल बोलण्याची सवय त्याला कोणी लावलेलीच नाही. माहितीचा अधिकार २००५ मध्ये कायद्याने मिळाला. परंतु अर्ज कसा लिहावा हे निबंधाच्या वहीत येत नाही.

म्हणून अकादमीच्या सभासदांपुढे आणि शिक्षकबंधुभगिनींपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. ‘असूडा’चे चौथे प्रकरण वरच्या वर्गांत गद्याचा नमुना म्हणून शिकवावे, शुद्धलेखनासाठी नव्हे, तर पैशाची वाट शब्दांत कशी धरावी हे कळण्यासाठी. त्यानंतर विद्यार्थ्यांस गावातील एखाद्या कामाविषयी, रस्ता असो, विहीर असो वा शाळेची खोली, एक पान लिहावयास सांगावे. त्यात रक्कम, काम आणि फलकावरील तारीख असावी. पक्षाचे नाव नसावे. हे पान लिहिणे वाटते तितके सोपे नाही. पक्षाचे नाव वगळल्यावर लिहावयास काय उरते, हे पाहिले म्हणजे आपण आजवर कशाला वाद म्हणत होतो, ते मुलांच्या ध्यानात येईल, आणि कदाचित मोठ्यांच्याही.