उघडे दार आणि कर्जाची बेडी

शिक्षणाचे दार बंद असणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण दार सताड उघडे ठेवूनही आत येणाऱ्याच्या पायात उंबरठ्यावरच बेडी घालता येते, ही गोष्ट आपण अजून पुरती समजून घेतलेली नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकमिलन कॉटम यांचे ‘लोअर एड’ (२०१७) हे पुस्तक नेमके अशा दाराविषयी आहे. नफ्यासाठी चालणारी कॉलेजे, त्यांतली बरीचशी ऑनलाइन, त्यांची प्रवेशाची तऱ्हा आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे कर्ज हा त्याचा विषय. ज्या लढ्याकडे पाहून १९७२ साली आपल्याकडे ‘दलित पँथर’ हे नाव घेतले गेले, त्या समाजाची आजची मुले कोणत्या पेचात सापडली आहेत हे जाणून घेणे, हे आपले काम आहे.

लेखिकेचा अधिकार केवळ पदवीचा नाही. संशोधनाकडे वळण्यापूर्वी तिने अशा दोन संस्थांत, एका सौंदर्यप्रसाधन शिकवणाऱ्या आणि एका तांत्रिक शिक्षण देणाऱ्या, प्रवेश मिळवून देण्याची नोकरी केली. म्हणजे यंत्राचा दट्ट्या तिने स्वतःच्या हाताने फिरवलेला आहे. पण पुस्तक कबुलीजबाबाच्या गळेकाढूपणात अडकत नाही. त्याचे पहिले मोठेपण असे की, फसलेल्या विद्यार्थ्याला ते मूर्ख ठरवत नाही. ‘यांनी चौकशी का केली नाही?’ असा प्रश्न प्रस्थापित पांढरपेशा सहज विचारतो. लेखिका तो प्रश्न उलटा करते : जे लोक तुमच्या दारात उभे राहू शकत नव्हते, ते दुसऱ्या दाराकडे गेले यात नवल काय?

तिचा मुख्य सिद्धांत थोडक्यात असा. पूर्वी मालक कामगाराला कामावर ठेवून शिकवीत असे. आता तो शिकवण्याचा खर्च टाळतो आणि प्रमाणपत्र मागतो. नोकरी टिकवायची तर माणसाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जोखमीवर पुन्हा पुन्हा शिकले पाहिजे. मुले सांभाळून दोन ठिकाणी राबणाऱ्या कृष्णवर्णीय बाईला दिवसाचे कॉलेज जमत नाही. सरकारी कॉलेजात फॉर्म, रांगा, वाट पाहणे. इकडे मात्र एक फोन केला की समोरचा माणूस तिचा फॉर्म भरून देतो, कर्जाचा अर्जही पुरा करून देतो. बाजारातील ही विषमता जिथे सर्वांत तीव्र, तिथेच ही कॉलेजे फोफावली. गरज खरी होती, हे या पुस्तकाचे म्हणणे आपण आधी मान्य केले पाहिजे.

कारण ती गरज आपणही ओळखतो. १९४६ साली मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळी वर्ग भरवले गेले. जॉन स्पर्लिंग यांनी १९७६ साली युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स काढले, तेही नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच. १९८९ साली त्यांनी ऑनलाइन वर्ग सुरू केले आणि २०१० पर्यंत तिथले विद्यार्थी साडेचार लाखांवर गेले. दोघांनी ओळखलेली गरज जवळजवळ एकच. फरक कुठे? बाबासाहेबांना त्या गरजेतून माणूस उभा करायचा होता. दुसऱ्या ठिकाणी त्या गरजेतून शेअर बाजारातला भाव उभा राहिला.

हे घडले ते कायद्याच्या आधाराने. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने अमेरिकेचे केंद्र सरकार विद्यार्थ्याला मदत आणि कर्ज देते; पैसा जातो कॉलेजकडे, फेड मात्र विद्यार्थ्याच्या नावावर. १९९८ पासून नफेखोर कॉलेजला आपल्या उत्पन्नातले ९० टक्के या सरकारी पैशातून घेता येतात. सैनिकांसाठीची शिक्षणमदत त्या नव्वदात मोजली जात नसे, म्हणून माजी सैनिकांना गाठण्याची चढाओढ लागली. ही पळवाट बुजवणारा कायदा २०२१ साली झाला. निम्म्याहून अधिक शिक्षण ऑनलाइन देणाऱ्या संस्थांना ही मदत नाकारणारा नियम २००६ साली उठला आणि धरण फुटले. बरे, हे कर्ज दिवाळखोरीतही सहसा सुटत नाही. पैसा सरकारचा, नफा कंपनीचा, कर्ज विद्यार्थ्याचे, असा हा त्रिवेणी संगम आहे!

अमेरिकन सिनेटच्या समितीने २०१२ साली अशा ३० कंपन्यांचा अहवाल मांडला. त्यातले आकडे लेखिकेच्या अनुभवाला पुरावा देतात. या कंपन्यांकडे प्रवेश मिळवणारे कर्मचारी ३५ हजारांवर, आणि विद्यार्थ्याला नोकरी शोधायला मदत करणारे साडेतीन हजार. उत्पन्नातले जवळजवळ २३ टक्के जाहिरात आणि भरतीवर, शिकवण्यावर सुमारे १७ टक्के. २००८-०९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण २०१० च्या मध्यापर्यंत पदवीविना बाहेर पडले होते. देशातल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १३ टक्के या संस्थांत होते, पण थकलेल्या कर्जांत त्यांचा वाटा जवळपास निम्मा होता. शिकवणे हा इथे जोडधंदा आहे, प्रवेश हाच मूळ धंदा.

आणि प्रवेश कसा मिळवायचा? माणसाची दुखरी नस शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचे, मग औषध विकायचे. भरतीच्या प्रशिक्षणाचे असे कागद सिनेट समितीपुढे आले. वर्गात आणि ऑनलाइन, दोन्हीकडे शिकवणाऱ्या कॉरिन्थियन कॉलेजेसवर कॅलिफोर्निया राज्याने २०१३ साली दावा लावला. त्यात कंपनीच्याच कागदांचा आधार देऊन म्हटले होते की, एकटे पडलेले, स्वतःविषयी कमीपणा वाटणारे, ज्यांची काळजी करणारे फारसे कोणी नाही असे लोक तिने हेरले होते. वाचकहो, हे वाचताना अंगावर काटा येतो. अपमान सोसलेल्या माणसाची स्वाभिमानाची भूक हे ज्यांनी चळवळीचे बळ मानले, त्यांच्यासमोर हे चित्र आहे : तीच भूक इथे कच्चा माल झाली आहे.

परिणाम जगासमोर आहेत. कॉरिन्थियन २०१५ साली बंद पडले. २०२२ साली सरकारला तिथल्या ५ लाख ६० हजार जणांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. आयटीटी टेक २०१६ साली बंद पडले, तिथल्या २ लाख ८ हजार जणांचे ३९० कोटी डॉलर माफ झाले. मोठ्या कंपन्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी नोकऱ्या घडवत आहेत, असा भास निर्माण करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून फिनिक्सने २०१९ साली १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली. पण माफी कागदाची होते. गेलेली वर्षे, बुडालेली पत, मुलांसमोर खाली गेलेली मान यांची माफी कोण देणार?

आता पुस्तकाच्या मर्यादेकडे. नफेखोर कॉलेज आणि प्रतिष्ठित विद्यापीठ ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, हे लेखिकेने ओळखले आहे. खालचा दर्जा अस्तित्वात असल्याशिवाय वरच्याची प्रतिष्ठा टिकत नाही. श्रेणीबद्ध विषमतेचा हा न्याय बाबासाहेबांच्या वाचकाला नवा नाही. पण तिची नजर मुख्यतः कंपनीच्या कॉलेजावर स्थिरावते, आणि २०१७ नंतर ही भिंत झपाट्याने पुसट झाली. परड्यू या सरकारी विद्यापीठाने कॅपलानची कॉलेजे एका डॉलरला घेतली आणि २०१८ पासून ती आपल्या नावाने चालवली. कॅपलान कंपनी सेवा पुरवण्यासाठी आतच राहिली. अॅशफोर्ड युनिव्हर्सिटीची कथा तर अभ्यासण्यासारखी आहे. एका कंपनीने २००५ साली आयोवातले जोगिणींचे सुमारे तीनशे विद्यार्थ्यांचे कॉलेज विकत घेतले, त्याची मान्यता वापरून हजारो ऑनलाइन विद्यार्थी भरले, आणि २०२० साली ते अॅरिझोना विद्यापीठाच्या नावाखाली गेले. २०२२ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने विद्यार्थ्यांची दिशाभूल केल्याबद्दल २ कोटींवर डॉलरचा दंड केला. नाव बदलले म्हणून नीती बदलत नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी १९९७ साली स्थापलेली वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी ऑनलाइनच आहे, पण नफ्यासाठी नाही. सहा महिन्यांची एकच फी, त्यात जितके विषय पुरे कराल तितके. तेव्हा दोष तंत्राचा नाही. ऑनलाइन संस्थांची तुलना करायची तर चकचकीत जाहिरातीऐवजी चार प्रश्न विचारावेत. प्रवेशामागे कोणाला पैसे मिळतात? शिकवण्यावर किती खर्च होतो? मध्येच सोडणाऱ्याचे काय होते? आणि संस्था बुडाली तर तोटा कोण सोसतो?

दुसरी मर्यादा अशी की, पुस्तकाचा भर रचनेच्या विश्लेषणावर आहे, प्रतिकारावर कमी. २०१५ साली कॉरिन्थियनच्या १५ माजी विद्यार्थ्यांनी कर्ज फेडायला जाहीर नकार दिला. पंधरा माणसे! पण त्या नकारातून लढा उभा राहिला, आणि पुढची माफी ही काही सरकारच्या दयेतून आलेली नाही. नकाराचे हे मोल आपल्या साहित्याने कधीच ओळखले आहे.

हे सारे आपल्यापासून दूर आहे काय? १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचे पीक आले आणि शिक्षणसम्राट जन्मले. ऑनलाइन पदव्यांचे नियम २०१८ साली आले. २०२१ च्या डिसेंबरात केंद्रीय शिक्षण मंत्रालयालाच पालकांना सावध करावे लागले की, ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देताना, न कळता कर्जाला सही करताना विचार करा. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि कर्ज मात्र फोनवर मिळते, अशा काळात आपली मुले उभी आहेत.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तिचा अर्थ असा होता की, पिढ्यान्‌पिढ्या ज्ञान नाकारणारा समाज या विद्यार्थ्याचा ऋणको आहे. शिक्षणकर्ज हे नाते उलटे करते : ज्याच्याकडून घेतले गेले, तोच आता देणेकरी ठरतो. ‘लोअर एड’ वाचून मिटताना हिशेबाचा हा प्रश्न मनात राहतो. आपल्या कॉलेजांतल्या शिक्षकांनी, वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी तो मोठ्याने विचारला पाहिजे. मुलाने कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो विचारला गेला, तरच त्याचा उपयोग आहे.